शेवटचा सा

कुणाला खरं वाटणार नाही, असं बजावून म्हाताऱ्या तानपुरेवाल्याने नातीला समोर बसवलं. तापात तिचे कान गेले होते. तिच्या ऑपरेशनला मदत म्हणूनच काल भक्तिगायनाची मैफल झाली होती. आणि आज सकाळी डॉक्टरांनी हात टेकले होते.

"गाणाऱ्या बाईंनी शेवटचा सा लावला, तोंड मिटलं, तरी सूर चालूच! माईक बंद केला, मी तारांवर तळवा दाबला, तरी चालूच. डोलणारी माणसं खुर्च्या पाडत पळाली."

नात त्याच्या ओठांवरून शब्द टिपत होती. "मग?"

"मग मी दरडावलं, पुरे! तसा गपगार झाला."

"थापा मारताय, आजोबा!" तिने कान गच्च दाबले. "कुठे थांबलाय? कालपासून मला तेवढाच ऐकू येतोय. बंद करा ना तो."