दोघांच्या कानांत थेंब

दत्तमंदिराच्या पायरीवर मकरंदरावांनी बायकोला खुणेनेच सांगितलं, जुन्या बाटलीतले उरलेले थेंब तू घाल, नव्याची परीक्षा मी घेतो.

बहिऱ्या कानांना दिवसभर ऐकू येईल असे ते थेंब सहा वर्षं फक्त एकच कंपनी बनवायची. ते इतके महाग, की दोघांपैकी एकालाच परवडत. म्हणून कीर्तनाला पाळी लावलेली. ऐकून आलेल्याने घरी दुसऱ्याला कथा लिहून दाखवायची. आता पेटंट संपलं होतं आणि गावातल्या कारखान्याची बाटली खोकल्याच्या औषधाच्या भावात मिळाली होती. ती निकामी निघाली, तर आजही जुने थेंब घातलेल्या एकालाच कीर्तन ऐकू येणार होतं.

शुभदाताईंनी नकारार्थी मान हलवली आणि नवेच थेंब दोघांच्या कानांत घातले.

थोडा वेळ काहीच नाही. मग आत झांजा वाजल्या, आणि पाठोपाठ बुवांचं भरदार ‘रामकृष्ण हरी’.

“अगं, ऐकू येतंय?”

“येतंय हो! ओरडू नका!”

मागून कुणीतरी “शूऽऽ” केलं. दोघांनाही ते एकदमच ऐकू आलं, आणि दोघंही डोळे पुसत हसले.

बुवांनी सुदाम्याची कथा लावली. सुदामा द्वारकेला पोचला आणि देवाने धावत येऊन त्याला मिठी मारली.

“अहो,” ताई कुजबुजल्या, “पोहे चाखून बघणारा तो खादाड पहारेकरी कुठे गेला?”

“तो... लिहून दाखवताना मीच घातला होता. तू हसायचीस ना.”

ताई त्यांच्याजवळ सरकल्या.

“मग घरी गेल्यावर तुमचीच कथा सांगा,” त्या म्हणाल्या. “पण आज तोंडाने.”