एवढीच ओळ

“नुसतं गावाचं नाव सांगा, बाई. घर मी शोधतो!” म्हातारा हात जोडून म्हणाला. त्याचा आवाज पार टिपेला पोचला होता.

“बाबा, नाही सांगता येत. किती वेळा सांगू?”

सलग सातवा सोमवार होता. बाईंच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर होते. डावा आश्रयगृहांशी जोडलेला. तिथे घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायका राहत. उजवा पोलिसांशी जोडलेला. तिथे त्याच बायकांची नावं बेपत्तांच्या यादीत असत. दोघांच्या मधे वायर नव्हती; मुद्दामच ठेवली नव्हती. डावीकडची नोंद बाईंनी वाचायची आणि आश्रयाला आलेल्या त्या बाईची तयारी असेल तरच उजवीकडे एक ओळ टाइप करायची : सुखरूप आहे, शोध थांबवावा. पत्ता नाही, फोन नाही, मूल सोबत आहे का तेही नाही. ऑफिसात त्यांना सगळे ‘चाळणी’ म्हणत. अकरा वर्षांत त्या चाळणीतून नको ते काही खाली पडलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या लेकीची ओळही त्यांनीच पाठवली होती. ती बेपत्ता असल्याची तक्रार जावयाने दिली होती, पण खेटे घालायचा हा.

“बापाचं काळीज कळतं का हो तुम्हाला?” तो ओरडला. “एकुलती एक लेक आहे माझी!”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. दाढीचे खुंट वाढलेले. डाव्या पडद्यावर लेकीची नोंद उघडीच होती. आश्रयगृहाने कालच तिच्यात एक शेरा वाढवला होता : वडिलांची सारखी आठवण काढते. नीट जेवत नाही.

बाईंनी तो शेरा पुन्हा वाचला. बापापासून कसलं आलंय लपवायचं? त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, कागदाचा कपटा फाडला, त्यावर पत्ता लिहिला आणि म्हाताऱ्यापुढे सरकवला.

म्हाताऱ्याने तो उचलला. न वाचताच त्याचे बारीक तुकडे केले आणि बाईंच्या हातात कोंबले. मग टेबलावर वाकला. आता त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

“हे काय करून बसलात, बाई? जावई दाराबाहेरच बसलाय. तोच धाडतो मला दर सोमवारी. मला ठाऊक असलं तर तो माझ्याकडून काढून घेईल. या वयात किती मार सोसवेल, माझा मलाच भरवसा नाही.”

बाईंनी ते तुकडे मुठीत आवळले. मग त्या पुटपुटल्या, “तुमची आठवण काढते ती.”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, ते त्याने पुसले नाहीत.

“आता हाकला मला,” तो कुजबुजला. “जरा मोठ्यानं. त्याला ऐकू गेलं पाहिजे.”