काळा अंगठा

भिंगरीचं डोकं तापलं होतं. सहीची वही छातीशी धरून ती दीड तास तिसऱ्या मजल्यावर ताटकळत होती, आणि तिचा तुफानवीर लिफ्टमध्ये अडकून पडला होता. टीव्हीवर तो दर रविवारी उंच इमारतींवरून उड्या मारायचा. आज नव्या दुकानाची फीत कापायला म्हणून आला, तर दोन मजल्यांच्या मधोमध लटकला.

"आता एका लाथेत दार तोडेल बघा," ती शेजारच्या काकूंना सांगत होती. दार काही तुटेना. आतून आवाज तेवढा आला, "अहो, आहे का कुणी? मला भीती वाटतेय."

शेवटी रखवालदाराने लिफ्टवालीला बोलावलं. ती जिना चढून आली आणि भिंगरीने कपाळाला हात लावला. देवा, हिलाच यायचं होतं का? ती तिची सख्खी आत्या होती. अंगात तेलकट कपडे, खांद्यावर पान्यांची पिशवी. कालच बाबा गावाला गेले म्हणून आत्याने भिंगरीच्या प्रगतिपुस्तकावर सही केली होती. सहीशेजारी तिचा तेलाचा काळा अंगठा उमटला आणि अख्खा वर्ग खो खो हसला. भिंगरी तेव्हापासून आत्याशी बोलत नव्हती. वर्गाला मात्र तिने ठणकावून सांगितलं होतं, "तुफानवीराची सही आणते, मग बघते एकेकाला." ती सहीही आता बोंबलली.

आत्याने दाराला तोंड लावलं. "दादा, आत उडी कुणी मारली? उडीच्या धक्क्यानेच लिफ्ट अशी अडकते."

आतून बारीक आवाजात उत्तर आलं, "मीच. आत आरसा आहे ना."

"असू दे. खाली बसा. बटणं दाबू नका. मी आलेय."

"त्याला नीट काढ हं," भिंगरी नाइलाजाने बोलली. त्याच्यासाठी अबोला सोडावा लागला, याचाही तिला राग आला.

आत्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली. तिने वीज बंद केली आणि मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट इंचाइंचाने वर घेतली. मग घामाघूम होऊन खाली आली आणि किल्लीने दार उघडलं.

तुफानवीर बाहेर आला. नाक लाल, डोळे ओले. त्याने मागे वळून लिफ्टच्या भिंतीवरच्या तपासणीच्या कार्डाकडे बोट केलं.

"ती सही कुणाची आहे हो? दर महिन्याला एक आहे. दीड तास तेवढंच बघत बसलो होतो. कुणीतरी नेमाने बघून जातंय, म्हणजे ही पडणार नाही, असं मनाला समजावत होतो."

भिंगरीने आत डोकावलं. बारा महिन्यांच्या बारा वाकड्यातिकड्या सह्या, आणि प्रत्येकीशेजारी एक काळा अंगठा. ती दोनदा वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

तुफानवीराला तिच्या हातातली वही दिसली. त्याने झगा सारखा केला आणि ऐटीत हात पुढे केला. "आण इकडे. काय नाव तुझं?"

भिंगरी त्याच्या हाताखालून पलीकडे गेली आणि वहीचं पहिलं पान आत्यापुढे धरलं. आत्या गडबडली आणि घाईघाईने हात कपड्यांना पुसू लागली.

"पुसू नकोस," भिंगरी म्हणाली. "अंगठ्यासकट हवीय."