रोलचा पहिला फोटो

चाळीस वर्षं त्याने लोकांचे फोटो काढले, पण बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडेना. “कमाल आहे बाबा तुमची!” लेक निगेटिव्हचे डबे उपसत म्हणाली. प्रत्येक रोलचा पहिला फोटो बायकोचाच. तिला खुर्चीत बसवून तो फोकस जुळवायचा, फ्लॅश तपासायचा, मग गिऱ्हाईक बसायचं. पण फ्लॅश उडताच ती डोळे मिटायची. “हा बघा, उघडे आहेत!” लेकीने भिंग पुढे केलं. त्या दिवशी झूम लेन्स तिच्या चेहऱ्यावर आणलेली, उजेड आत घेणारं अ‍ॅपर्चर चुकून सताड उघडं राहिलेलं आणि फ्लॅश उडालाच नव्हता. खिडकीच्या उजेडात ती हसत होती. “अहो, उडवा लवकर, दूध उतू जातंय!” त्याला तिचं ओरडणं आठवलं. त्या निगेटिव्हच्या पाकिटावर त्याच्याच अक्षरात ‘वाया’ लिहिलेलं होतं. त्याने पेन मागितलं आणि तो शब्द खोडला.