साहेबाच्या आजीचं जेवण

इंग्रज सरकारचा मिठावरचा कर वसूल करणाऱ्या रेवसच्या मीठचौकीवरचा साहेब आयर्लंडचा. त्याला रोज सालीसकट उकडलेले बटाटे आणि ताक लागायचं. असलं ताट मांडायला स्वयंपाकीण कशाला हवी, म्हणून शहरबानू नाक मुरडायची.

"आमच्याकडे गरिबाचं जेवण हेच, बानू," साहेब सांगायचा. "टोपलीभर बटाटे, भोवती सगळं घर आणि मध्ये चिमूटभर मीठ. बटाटा त्याला नुसता टेकवायचा. दुष्काळात इंग्रजाने आमचं धान्य बोटींत भरून नेलं. आजी उपाशी मेली." त्याचे डोळे भरून यायचे. मग शहरबानूचेही.

एके दुपारी साहेब जेवत असतानाच शिपायाने सगुणा कोळणीला धरून आणलं. खाडीकाठचं मीठ कर न भरता खरवडून तिने पदरात बांधलं होतं.

"सायेब, मासली कुजंल! पावसात पोरांना काय घालू?"

"चोरीचं मीठ आहे. चिखलात ओता," साहेब घास चावतच म्हणाला.

सगुणा रडत गेली. साहेबाने नवा बटाटा सोलला. "बानू, मीठ आण."

शहरबानू जागची हलली नाही. "आजीच्या तोंडचा घास काढणारा तो इंग्रज इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहत नव्हता, साहेब. आज दिसला."