स्वयंपाकघर निरंक

"सहा महिने झाले, साहेब. तुम्हाला शोधायचंच नाही तिला. नुसत्या फायली हलवताय."

तुळजाबाईंनी दारातच तोफ डागली. बिबवेवाडीतला तिसरा मजला, लिफ्ट बंद. साहेब धापा टाकत उभे होते. मागे महिला हवालदार आलिमा, हातात कागद.

"आईचं बरोबर आहे," रणजित म्हणाला. "बायको माझी पळाली, आणि मलाच विचारतात, मारत होतात का."

"होता का?" आलिमाने विचारलं.

"घरोघरी होतं तेवढं. सापडू दे शेफाली. पाय मोडून घरात बसवतो."

साहेब हसले. तुळजाबाई म्हणाल्या, "बसवच."

मग कपाटं उघडली. गाद्या उलथल्या. शेफालीची पत्रं, फोटो, फोनची रिकामी खोकी, सगळं साहेबांनी बारकाईने चाळलं. हाती काही लागलं नाही.

"सर, किचन?" आलिमा म्हणाली.

"तिथे काय असणार, डबे न् भांडी." तरी पाणी प्यायला ते आत गेले. ओट्यावर परातीत लाडू वळून ठेवले होते. त्यांनी न विचारता एक उचलला.

"कसले हो हे?"

"अळिवाचे. गुडघे धरलेत माझे."

"फर्स्ट क्लास."

बोटं चिकट झाली. दोरीवर जुन्या सुती साडीची, नुकतीच फाडून धुतलेली चौकोनी फडकी वाळत होती. साहेबांनी एकाला हात पुसले. स्वयंपाकघरात पुरुषाला दोनच गोष्टी दिसतात: खायचं आणि पुसायचं.

आलिमा फडक्यांकडे बघत राहिली. मग लाडवांकडे. मग तुळजाबाईंकडे, त्या उकिडव्या बसून खालच्या फळीवरचा डबा काढत होत्या.

"काय मॅडम, रेसिपी घेताय?" साहेब म्हणाले.

"घेतेय ना सर."

रणजित साहेबांना सोडायला खाली गेला. आलिमा सहीसाठी थांबली. तिने कागदावर लिहिलं: स्वयंपाकघर, निरंक.

तुळजाबाईंनी ते दोनदा वाचलं. सही केली, आणि भिंतीला टेकल्या.

आलिमाने दार लोटून घेतलं.

"मावशी, फडकी आतल्या खोलीत वाळत घाला. पुढच्या वेळी दुसरीच कोणी येईल." तिने आवाज अगदी खाली आणला. "आणि आता मला खरं सांगा. शेफालीला काय झालं, मुलगा की मुलगी?"