येळवशीची आंबील

"तुझ्याबद्दल माझ्या मनात तसलं काही न्हाई," असं साक्षीला तोंडावर सांगून दयानंदनं दिवाळीनंतर दुसरीशी लग्न केलं. येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळ अमावस्येला, तो बायकोला मोटारसायकलवर घेऊन साक्षीच्या शेताकडेनं निघाला, तशी आई कुजबुजली, "साक्षे, कडब्याच्या कोपीत जाऊन बस."

"लपायला मी काय चोरी केली?"

येळवशीला शिवारातून कुणाला उपाशी जाऊ देत नसतात. साक्षीनं गाडी अडवली, दोघांना मिसळभाज्यांची भज्जी, भाकरी नि आंबील वाढली, नवरीला तर दोनदा आग्रह केला.

नवरी हात धुवायला उठली, तसा दयानंद हळूच म्हणाला, "आता तरी मला मनातून काढ."

 

"मनात घेतलं तवा तुला इचारलं न्हवतं. काढायचं का ठेवायचं, ते बी माझं मी बघीन. आंबील पी!"